पसंतीक्रमाआधीचा अभ्यास
(पाथरी येथील शिक्षक-पालक परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



मुघलकालीन महसुली नोंदींत वऱ्हाड सुभ्यातील एक ‘सरकार’, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा मोठा महसुली विभाग, म्हणून जिचे नाव येते, त्या गोदाखोऱ्यातील पाथरी नगरीत ही परिषद भरत आहे. बारावीनंतर तंत्रज्ञानाचे शिक्षण देणाऱ्या विद्यापीठात कोणती पदवी निवडावी, हा परिषदेपुढील विषय आहे. तो विद्यार्थ्याच्या चार वर्षांचा, कुटुंबाच्या साठवलेल्या पैशाचा आणि पुढील आयुष्यातील कामाच्या समाधानाचा प्रश्न असल्यामुळे त्याचा विचार निकालाच्या आठवड्यातील घाईवर सोडणे योग्य नाही.

ज्या विद्यापीठाचे अध्यापन आणि संशोधन मुख्यतः अभियांत्रिकी व उपयोजित विज्ञान यांभोवती उभे असते, त्याला येथे तंत्रज्ञान विद्यापीठ म्हटले आहे. लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले आणि २०१४ च्या कायद्याने राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देण्याचा अधिकार मिळालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ नावाने कृषी असले, तरी तेथे अन्नतंत्रज्ञान आणि कृषी अभियांत्रिकी या विषयांत बी.टेक. ही पदवी दिली जाते, म्हणून या चर्चेत त्याचाही समावेश करणे आवश्यक आहे.

हैदराबाद संस्थानाच्या काळात मराठवाड्यातील विद्यार्थ्याला विद्यापीठीय शिक्षणासाठी १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. पुढे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ, १९६० मध्ये औरंगाबादचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९७२ मध्ये परभणीचे कृषी विद्यापीठ, १९८१ मध्ये नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आणि २०१८ मध्ये जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र, असा हा प्रवास झाला. गावापासून महाविद्यालयापर्यंतचे अंतर या काळात पुष्कळ कमी झाले. परंतु त्या महाविद्यालयाच्या वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाते, याची माहिती घरापर्यंत त्या वेगाने पोहोचली नाही, आणि आजची खरी अडचण हीच आहे.

आजची निवड बहुतेक वेळा दोन आकड्यांवर होते. त्यांपैकी पहिला पर्सेंटाइल हा आहे. एमएचटी-सीईटी या राज्य प्रवेश परीक्षेत नव्वद पर्सेंटाइल याचा अर्थ नव्वद टक्के गुण असा नसून, त्या सत्रात परीक्षेला बसलेल्यांपैकी नव्वद टक्के उमेदवारांना तितके किंवा त्याहून कमी गुण आहेत, असा आहे. दुसरा आकडा कट-ऑफचा, म्हणजे मागील वर्षी त्या शाखेत ज्या शेवटच्या उमेदवाराला प्रवेश मिळाला त्याच्या पर्सेंटाइलचा. कट-ऑफ हे मागणीचे माप आहे. ते अध्यापनाच्या दर्जाचे माप नाही आणि विद्यार्थ्याच्या आवडीचे तर मुळीच नाही. तरीही पसंतीक्रमाचा अर्ज भरताना कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने शाखा लिहिल्या जातात, आणि प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती पक्की धरली जाऊन विद्यार्थ्याला पुढील फेऱ्यांत भाग घेता येत नाही. ज्या ओळीवर चार वर्षे ठरतात, ती ओळ शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले एवढ्या आधारावर लिहिली जाणे, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी हानी आहे.

शाखा म्हणजे एकाच वस्तूकडे वेगळा प्रश्न घेऊन पाहण्याची शिस्त होय, आणि हे समजण्यासाठी पाथरीकरांच्या ओळखीची मानवतची जिनिंग पुरेशी आहे. जिनमध्ये चामड्याचा फिरता रोलर कापसाचे तंतू धरून ओढतो, सुरीशी सरकी अडते, रुई एका बाजूला निघते आणि प्रेसमध्ये तिची १७० किलोची गाठ बांधली जाते. रोलर का झिजतो आणि सुरीपासून त्याचे अंतर किती असावे, हा यंत्र अभियंत्याचा प्रश्न आहे. अनेक मोटारी एकदम सुरू झाल्या तर वीजभार कसा सांभाळावा, हा विद्युत अभियंत्याचा. कापसातील ओलावा क्षणोक्षणी मोजणारा संवेदक कसा बसवावा, हा इलेक्ट्रॉनिक्सचा. आणि रुईच्या छायाचित्रावरून तिची प्रत ठरवणारी आज्ञावली कशी लिहावी, हा संगणक अभियंत्याचा. तंतूची लांबी आणि बळकटी पाहून त्यातून कोणत्या नंबरचे सूत निघेल, हे वस्त्रतंत्रज्ञ सांगतो, आणि त्या विषयाची शाखा नांदेडच्या संस्थेत आहे. सरकीच्या कच्च्या तेलातील गॉसिपॉल हे विषारी रंगद्रव्य काढून ते तेल खाण्यायोग्य कसे करावे, हा प्रश्न अन्नतंत्रज्ञ आणि रसायन अभियंता यांच्याकडे जातो. जिनिंग एकच असते. तिच्या दारात उभे राहिल्यावर विद्यार्थ्याच्या मनात यांपैकी कोणता प्रश्न आपोआप उठतो, हे ओळखणे म्हणजे शाखा ओळखणे.

यापुढचा भाग पदवीच्या रचनेचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा अशा नावांच्या स्वतंत्र पदव्या अलीकडे मोठ्या संख्येने सुरू झाल्या आहेत, आणि त्यांच्या मुळाशी संगणकशास्त्र, संख्याशास्त्र व रेषीय बीजगणित हेच विषय आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक.साठी १६० श्रेयांक धरलेले आहेत. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे वजन मोजण्याचे एकक असून, सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक यांचा साधारण एक श्रेयांक होतो. याखेरीज १८ ते २० अधिक श्रेयांक मिळवून दुसऱ्या शाखेतील ‘मायनर’, म्हणजे दुय्यम विषय, घेण्याची सोय अनेक ठिकाणी आहे. यंत्र अभियांत्रिकी घेणारा विद्यार्थी अशा रीतीने डेटा सायन्स शिकू शकतो; म्हणून मूळ शाखा रुंद आणि विशेषीकरण नंतर, हा क्रम बहुतेकांसाठी अधिक सुरक्षित आहे.

जवळच्या संस्थांकडे होणारे दुर्लक्ष हीदेखील चिंतेची बाब आहे. परभणीचे अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय १९७६ पासून उभे आहे, आणि सोयाबीन, ऊस, कापूस, ज्वारी पिकवणाऱ्या या पट्ट्यात काढणीनंतरच्या प्रक्रियेचे ज्ञान किती मोलाचे आहे, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. याचा अर्थ शेतकऱ्याच्या मुलाने शेतीशी निगडित पदवीच घ्यावी असा मुळीच नाही. तसा आग्रह हा अन्याय ठरेल. पाथरीच्या मुलीला अवकाशयानाचे गणित करायचे असेल तर तिची वाट कोणी अडवू नये. फक्त परभणीतील पदवी ‘घराजवळची’ म्हणून यादीतून आधीच खोडली जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

वाटा एकाहून अधिक आहेत, हेही पालकांना कळले पाहिजे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. उलट, अकरावीत गणित सोडणाऱ्याला अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांची वाट बंद होते, म्हणून पदवीचा विचार खरे तर दहावीच्या निकालाबरोबरच सुरू झाला पाहिजे. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून माफ झाले आहे. त्यानंतरही केवळ खर्चाच्या भीतीने मुलीच्या अर्जातील पहिली पसंती बदलली जात असेल, तर तो दोष तिच्यापर्यंत न पोहोचलेल्या माहितीचा आहे, आणि ती माहिती पोहोचवणे हे शिक्षकांचे काम आहे.

या विवेचनातून निघणारे सूत्र एकच आहे : पसंतीक्रम हा अभ्यासाचा शेवट असावा, सुरुवात नव्हे. म्हणून तालुक्यातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या वर्षातच विद्यार्थ्यांसमोर निदान पाच शाखांचे चारही वर्षांचे अभ्यासक्रम ठेवावेत, त्यांतील विषयांची नावे सोप्या मराठीत समजावून सांगावीत, आणि विद्यार्थ्यांना एकदा जिनिंग, एकदा साखर कारखाना व एकदा परभणीचे विद्यापीठ दाखवून आणावे. यासाठी नवा निधी लागत नाही. वर्षातले तीन दिवस आणि शिक्षकांची तळमळ लागते. पालकांना या परिषदेची हात जोडून विनंती आहे की अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री कट-ऑफची यादी बाजूला ठेवावी, निवडलेल्या शाखेचा अभ्यासक्रम मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा, आणि त्यातले काय शिकावेसे वाटते, हे शांतपणे ऐकून मगच पहिली ओळ लिहू द्यावी.