पडून राहिलेली मोटार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या नांदूरघाटच्या मंडळात लोणची-पापड आणि शिवणकाम यांवर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. मी आज मोटारीविषयी बोलणार आहे, याचे कोणाला हसू येईल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण पुण्याला माझा धाकटा भाऊ जुन्या मोटारी दुरुस्त करतो. त्याच्याकडे दोन महिने राहिले, तेव्हा जे पाहिले आणि या हातांनी केले, तेवढेच सांगते.

गाडी एम. जी. कंपनीची, टी. सी. नावाची. इंग्लंडात ॲबिंग्डन गावी १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. बसायला दोनच जागा, तारांच्या आऱ्यांची उंच चाके आणि इंजिन १२५० सी.सी.चे. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. यजमान १९८६ साली वारले, तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी. मुले म्हणत, भंगारात द्या, जागा तरी मोकळी होईल. बाई म्हणाल्या, "ही मी स्वतः चालवलेली आहे. खर्च माझ्या पेन्शनमधून होईल."

मुलगा नवी बॅटरी घेऊनच आला होता. भावाने त्याला थांबवले. इतकी वर्षे उभ्या इंजिनातले तेल निथळून जाते, आत गंज धरतो. एकदम फिरवले तर आतली भिंत खरवडली जाते. म्हणून चारही प्लग काढून तेल सोडले, आठ दिवस मुरू दिले, मग हँडलने हळूहळू फिरवले. पहिल्या दिवशी ते बोटभरही हलले नाही. तिसऱ्या दिवशी सैल झाले.

टाकीतले पेट्रोल काकवीसारखे चिकट झाले होते. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे तिथेही गंज. रबराच्या नळ्या सगळ्या टाकून दिल्या. या गाडीच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. त्याला वाळवी लागली होती. तो सुताराने सागवानात नवा जोडला.

नट-बोल्ट वेचून ठेवणे माझ्याकडे होते. मसाल्याच्या डब्यात वाट्या असतात, तसे वेगवेगळे ठेवले. या इंजिनाच्या नटांची एक गंमत आहे. डोकी इंग्रजी मापाची आणि आटे मात्र मिलिमीटरचे. कारण इंजिनाचा तो कारखाना पूर्वी एका फ्रेंच कंपनीचा होता. बाजारातला कोणताही नट बसवून चालत नाही, म्हणून एकही हरवू दिला नाही. कापडी टपही मीच शिवला.

कागदांचे काम बाईंनी केले. गाडीचे पुस्तक त्यांनी कपाटात जपून ठेवले होते. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला, की पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षे. आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो. मात्र रोजच्या किंवा भाड्याच्या वापराला अशी गाडी चालत नाही.

सातव्या आठवड्यात इंजिन लागले. धूर इतका झाला की शेजारी धावत आले. ब्रेक दोनदा तपासल्यावर भावाने किल्ली मुलाच्या हातात न देता बाईंच्या हातात दिली. त्यांनी आवारात दोन फेऱ्या मारल्या. उतरल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "क्लच जरा जड आहे." मुलगा काही बोलला नाही. त्याने शेडचे दार मात्र स्वतः उघडून धरले.

भगिनींनो, आपल्याही घरांत शिवणयंत्र असेल, सासूबाईंचे जाते असेल. भंगारवाला दारात आला की ते लगेच काढून देऊ नये. ज्या बाईने ते वापरले, तिला आधी विचारावे. आणि चालू करायचे ठरले, तर आधी तेल घालून थोडा धीर धरावा.