कायदा मत विचारत नाही



विंदा करंदीकरांचा जन्म याच देवगड तालुक्यात, धालवलीत झाला. त्यांच्या तालुक्यात, कुणकेश्वराच्या सान्निध्यात मी आज या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलतो आहे. महाशिवरात्रीला इथे गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानाला येतात, दर्शनाची रांग लागते, आणि पुढे उभा असलेला माणूस कोणत्या पक्षाचा हे त्या रांगेत कुणी विचारत नाही. वर्षाच्या उरलेल्या दिवसांतही ते कुणी विचारू नये, यासाठी काय करावं लागतं, हा माझा आजचा विषय आहे.

2024च्या लोकसभा निवडणुकीत 7 मे रोजी आपण मतदान केलं. 4 जूनला निकाल लागला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून नारायण राणे निवडून आले, विनायक राऊत 47,858 मतांनी हरले. म्हणजे जिंकलेल्यांच्या शेजारीच हरलेले लाखोंनी होते. एकाच वाडीत, पुष्कळदा एकाच घरात. एके काळी एकाच झेंड्याखाली घसा कोरडा होईपर्यंत घोषणा दिलेली माणसं या वेळी समोरासमोर होती. दिल्लीत सरकार बसलं की देशाची निवडणूक संपते. गावात ती पुढे कित्येक महिने चालते. कुणाच्या लग्नाचं आवतण आलं नाही, कोण कुणाच्या गणपतीला गेलं नाही, कुणाचा दाखला ग्रामपंचायतीत उगाच लांबला, यांतून ती चालत राहते.

अशा वेळी हरलेल्या बाजूच्या माणसाच्या पाठीशी कोण उभं असतं? माझं उत्तर असं की राज्याने केलेला कायदा उभा असतो, आणि तो मत न विचारता उभा राहतो तोवरच त्याला संरक्षण म्हणता येतं. एवढी एकच गोष्ट मला आज मांडायची आहे.

सुरुवात समोरच्या समुद्रापासून करू. निकाल लागला त्या 4 जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू होऊन चारच दिवस झाले होते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांनी समुद्रात जायचं नाही, हा नियम. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, जाळी गुंडाळून माळ्यावर गेलेली. माशांच्या विणीच्या दिवसांत समुद्राला मिळणारी ही विश्रांती पेढे वाटणाऱ्याच्या पोटासाठी असते आणि दार लावून घरात बसलेल्याच्या पोटासाठीही.

आपल्या राज्यघटनेने किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या हाती दिली आणि त्यापलीकडची केंद्राच्या. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी जन्माला आला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदाही 1981चाच. रापणीला त्याची गरज का पडली, ते इथल्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. होडी जाळं सोडत समुद्रात मोठा वळसा घेते आणि किनाऱ्याला परत येते. मग दोन्ही बाजूंचे दोर ओढायला म्हातारे, तरुण, पोरं सगळी लागतात. जाळं वाळूवर आलं की वाटे पडतात: होडीचा, जाळ्याचा आणि दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा. बांगड्याचा, तारलीचा थवा किनाऱ्याजवळ आला तरच ही रापण भरते. बाहेर पर्ससीनच्या जाळ्याने तो थवा आधीच वेढून उचलला, तर किनाऱ्यावरची माणसं रिकामा दोर ओढत बसतात.

म्हणून 5 फेब्रुवारी 2016चा शासनाचा आदेश महत्त्वाचा ठरला. राज्याच्या हद्दीत पर्ससीनला ठरावीक महिन्यांचं आणि ठरावीक अंतराचं बंधन आलं. 2021मध्ये कायदा दुरुस्त होऊन दंड लाखांच्या घरात गेला. रात्री प्रखर दिव्यांनी चालणारी मासेमारी आणि परराज्यांतल्या नौकांची घुसखोरी एवढ्याने थांबली नाही, हे या किनाऱ्याला ठाऊक आहे. गस्त अपुरी पडली की कायदा कागदावर राहतो. तरीही तक्रार घेऊन कार्यालयात जाणाऱ्या रापणकराच्या हातात तो कागद आहे, आणि त्यावर पक्षाचा रकाना नाही.

आता समुद्राकडून गावकीकडे येतो. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे कोकणाला शिकवावं लागत नाही. शिमग्यातली पालखी त्या घराला वळसा घालून जाते. दुकानातून मीठ-मिरची मिळत नाही. मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही, आणि जो येईल त्यालाही दंड ठोठावला जातो. 1949मध्ये मुंबई राज्याने अशा बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. 1962मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ वाळीत पडलेल्या माणसाला स्वतंत्र कायद्याचा आधार नव्हता. 2016मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि जुलै 2017पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 1962नंतर असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

या कायद्यातली एक तरतूद आजच्या विषयाच्या मुळाशी जाते. राजकीय कलावरून समाजातल्या माणसाशी भेदभाव करणं, हाही त्यात बहिष्काराचाच प्रकार धरला आहे. तू अमक्याला मत दिलंस, म्हणून तुझ्या पोरीच्या लग्नाला गाव येणार नाही, असं ठरवणाऱ्या बैठकीला राज्याने गुन्हा म्हटलं आहे. दुभंगलेल्या निवडणुकीनंतर याहून मोठा दिलासा एखाद्या घराला कोणता असेल? आणि ही तरतूद आपल्यापैकी किती जणांनी गावात मोठ्याने वाचून दाखवली आहे?

मित्रहो, निवडणुकीने देश दुभंगण्याची ही पहिली वेळ नाही. डिसेंबर 1975मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. 1977च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे प्रचाराला उतरले. दक्षिण कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने मधू दंडवते यांना दिल्लीला पाठवलं आणि ते रेल्वेमंत्री झाले. दिल्लीत जनता पक्ष, मुंबईत काँग्रेस. एकमेकांचं तोंड पाहू नये असे दिवस होते.

त्याच 1977मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना 1972च्या दुष्काळात राज्यभर कसाला लागली होती. तिच्या खर्चासाठी 1975पासून व्यवसाय कर सुरू झाला. मुंबईतल्या पगारदाराच्या पाकिटातून कापलेला पैसा दुष्काळी भागात खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला जाऊ लागला. कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली 1978मध्ये, आणि तो अमलात आला 26 जानेवारी 1979 रोजी. मंजुरीपासून अंमलबजावणीपर्यंत राज्यातलं सरकार बदललं होतं, पण काम मागणाऱ्याचा हक्क बदलला नाही. अर्ज केल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पुढे 2005मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला, त्याचं मूळ इथे आहे. आणि 1990पासून फळबाग लागवड या हमीला जोडली गेली, तेव्हा कोकणातल्या छोट्या शेतकऱ्यांनी कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून आंबा-काजूची कलमं लावली. आज त्या झाडांची फळं खाणारी पिढी कुणाला मत देते, ते झाडाला ठाऊक नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या मुली-सुना अमेरिकेत आहेत. तिथे राज्याच्या कायद्याचं वजन आणखी ठळक दिसतं. जून 2022मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा देशपातळीवरचा हक्क काढून घेतला. न्यू जर्सीने तो हक्क त्याच वर्षी जानेवारीत आपल्या कायद्यात आधीच पक्का केला होता, आणि टेक्सासने जवळपास पूर्ण बंदी घातली. एकीकडे न्यू जर्सीत नोकरी करणारी आपली लेक आणि दुसरीकडे डॅलसला राहणारी आपलीच सून. गरोदरपणात गुंतागुंत झाली तर दोघींच्या डॉक्टरांना वेगवेगळा कायदा पाहावा लागतो. आपल्याकडे राज्यांना एवढी मोकळीक नाही, आणि समवर्ती सूचीतल्या विषयांवर केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. म्हणून जेवढी जागा राज्याला आहे, तेवढी आपण जपून, नीट वापरली पाहिजे.

राज्य आपण होऊन दयाळू होत नाही, हेही सांगायला हवं. खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, संपवणारं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर 1937मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं. पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. तरी खोती जायला 1949 उजाडलं, आणि कुळाचं नाव जमिनीला लागायला त्याहून उशीर झाला. संरक्षण मिळवावं लागतं आणि मिळाल्यावर राखावं लागतं.

इथे मला एक फरक अधोरेखित करायचा आहे. 2024च्या निकालानंतर तीन-चार आठवड्यांत राज्याने लाडकी बहीण योजना जाहीर केली. महिन्याला 1500 रुपये. ते एखाद्या बाईच्या औषधाला, पोरांच्या वह्यांना उपयोगी पडतात, त्यांना कमी लेखणाऱ्यांतला मी नाही. पण शासन निर्णयाने आलेली योजना शासन निर्णयाने बदलता येते, आणि मत चुकलं तर पैसे थांबतील ही भीती बाईच्या मनात राहू शकते. विधिमंडळाने कायदा करून दिलेल्या हक्काला अशी भीती चिकटत नाही. 2015च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला ठरलेल्या मुदतीत मिळवण्याचा अधिकार दिला. तो लांबवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. अर्जदार कुणाच्या प्रचारात फिरला होता, याला तिथे स्थान नाही. सरकार कोणाचंही असो, ज्या मदतीवर गरिबाचं घर चालतं तिला कायद्याचं बळ द्या, अशी मागणी साहित्यिकांनी करायला हवी.

लेखकांचा संबंध काय, असा प्रश्न इथे येईलच. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ने खोतांच्या घराण्याचा चढ-उतार मराठीला दिला. सातबारावर पहिल्यांदा नाव लागलेल्या कुळाची कथा मात्र मला हवी तेवढी सापडत नाही. वाळीत पडूनही पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या बाईची कादंबरी हवी. 12 सागरी मैलांच्या आत दोर ओढणाऱ्या रापणकराचं मालवणीतलं नाटक हवं. ज्या कायद्याने माणूस ताठ उभा राहिला, त्या कायद्याची आठवण गोष्टीत राहिली नाही, तर पुढची पिढी त्याला कुणाचा तरी उपकार समजेल.

शेवटी तीन विनंत्या करतो. जिंकलेल्यांनी आपल्या कार्यालयाचं दार हरलेल्याला उघडं ठेवावं. तो तुमचा विरोधक असेल, पण या राज्याचा रहिवासी आहे. हरलेल्यांनी आपला हक्क संकोच न करता मागावा, त्यासाठी पक्ष बदलू नये आणि कुणाच्या पाया पडू नये. आणि आपण लिहिणाऱ्यांनी पुढच्या संमेलनापर्यंत एवढं करावं: बहिष्कारविरोधी कायदा, लोकसेवा हक्क कायदा आणि मासेमारीचे नियम सोप्या मालवणीत लिहून प्रत्येक वाचनालयात, प्रत्येक मच्छीमार सोसायटीत लावावेत. हे काम साहित्याचंच आहे असं मी मानतो, आणि त्यातला माझा वाटा उचलायला मी तयार आहे.