तिसरी सही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'लहान गावातलं प्रेम' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी हसलो. कवी म्हटला की त्याला प्रेमातलं कळतं असा लोकांचा समज असतो. पण नंतर लक्षात आलं की या विषयावर मला एक जुनी गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि ती सांगताना माझीच थोडी पंचाईत होणार आहे. तरी सांगतो.

शहरातल्या प्रेमाला गर्दीचा आडोसा असतो. लोकलच्या फलाटावर, बागेत, समुद्राच्या कठड्यावर दोघं बसली तर कुणी वळून पाहत नाही. तालुक्याच्या गावाला गर्दी असते ती आठवडी बाजाराच्या दिवशी, आणि तीही ओळखीच्यांची. एसटी स्टँडवरचा रसवाला तुमच्या मामांना ओळखतो. झेरॉक्सवाला तुमच्या भावाच्या वर्गातला असतो. पंक्चर काढणाऱ्याला कुणाची सायकल कोणत्या गल्लीत किती वेळ उभी होती हे पाठ असतं. अशा गावात दोघांचं जमलं आहे हे गावाला आधी कळतं आणि त्या दोघांना सगळ्यात शेवटी.

त्यातून ती दोघं वेगवेगळ्या घरांतली असली तर मग विचारूच नका.

आमच्या भागात अशा प्रेमाची सगळ्यात मोठी गोष्ट मिरजेत घडली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे उत्तरेतल्या कैराना गावचे, गवयाच्या घराण्यातले. बडोद्याच्या दरबारात ते गायक म्हणून राहिले. राजघराण्याशी नातं असलेल्या सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. एक दरबारचा नोकर, एक सरदारकन्या. धर्म वेगळा, भाषा वेगळी, मानमरातब वेगळा. एकोणिसाव्या शतकाची शेवटची वर्षं चालू होती. दोघांनी बडोदं सोडलं, मुंबईला आली आणि पुढे मिरजेला स्थिरावली. त्यांच्या घरात पाच मुलं वाढली.

ही गोष्ट सांगणारे बहुतेकजण इथेच थांबतात आणि टाळ्या घेतात. पण पुढचंही सांगितलं पाहिजे. वीसेक वर्षांच्या संसारानंतर ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीनाच्या सरस्वती राणे झाल्या. संसार मोडला, पण गाणं मोडलं नाही. वडिलांच्या गळ्यातला किराणा घराण्याचा सूर या मुलांनी पुढे नेला. तिकीट लावून स्वतःचे जलसे करणाऱ्या पहिल्या काही स्त्री गायिकांमध्ये हिराबाईंचं नाव घेतलं जातं. त्यांना १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, दक्षिणेतल्या एका लहानशा रेल्वे स्टेशनवर. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा भरते आणि चिंचेच्या झाडाखाली रात्रभर कलावंत हजेरी लावतात. त्या सभेला मी जमेल तेव्हा जातो. माझ्या गोष्टीचा शेवटही तिथेच आहे.

आता माझी गोष्ट. साल १९९७. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगत नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक बँडवाल्यांचं घर होतं. त्यांचा धाकटा मुलगा क्लॅरिनेट वाजवायचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बँडवाल्याचं वर्ष पंचांगावर चालतं. वैशाखात त्याला जेवायला सवड नसते आणि आषाढ लागला की हाताला काम नसतं. मधे गणपतीचे दहा दिवस कमाई होते, पितृपक्षात पुन्हा सामसूम, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत वाट बघायची. त्या रिकाम्या महिन्यांत हा पोरगा गावातल्या वाचनालयात येऊन बसायचा. आधी वर्तमानपत्रं, मग मासिकं, मग कादंबऱ्या.

पुस्तकं देण्याच्या टेबलावर एक मुलगी नोकरीला होती. निवृत्त हेडमास्तरांची मुलगी. घर वारकरी, गळ्यात माळ, घरात कांदा-लसूणही नाही. हेडमास्तर दरवर्षी पायी वारीला जात. मीही रोज संध्याकाळी वाचनालयात असायचो. एका शाळेत कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो आणि कविता लिहू लागलो होतो. तरीही या दोघांचं मला कळलं नाही. मला कळलं ते एवढंच की, याला हवं असलेलं पुस्तक नेहमी कपाटाऐवजी टेबलाच्या खणातून निघतं.

एक दिवस दोघांनी मला वाचनालयाच्या मागच्या खोलीत बोलावलं. नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरलं होतं. कुणीही धर्म बदलणार नव्हतं. तीन साक्षीदार लागतात, दोन मिळालेत, तिसरे तुम्ही व्हाल का, असं तिने विचारलं. मी लगेच हो म्हणालो. मला वाटतं, त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होतो.

श्रोतेहो, या कायद्याबद्दल थोडं सांगतो, कारण तरुणांना तो ऐकून माहीत असतो, वाचलेला नसतो. हा १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्याआधी १८७२ चा एक कायदा होता, पण त्याखाली लग्न करायचं तर मूळच्या तरतुदीप्रमाणे आपण प्रचलित धर्मांपैकी कोणताच मानत नाही असं लिहून द्यावं लागे. १९५४ च्या कायद्याने ती अट काढली. तू तुझा, मी माझी, आणि लग्न आपलं, एवढं साधं तत्त्व त्यात आहे. मुलाला एकवीस वर्षं पूर्ण हवीत, मुलीला अठरा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य हवं. लेखी नोटीस द्यायची, मग विवाह अधिकारी ती कार्यालयात ठळक जागी लावतो. तीस दिवसांत कुणाची योग्य हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. आणि हरकतही कोणती? आधीचा जोडीदार हयात आहे, वय कमी आहे, संमती देण्याइतकी मनःस्थिती नाही, निषिद्ध नातं आहे, अशी. 'आम्हाला हे लग्न पसंत नाही' ही कायद्यातली हरकत नव्हे.

पण कायद्याला नसली तरी गावाला ती पुरते. फळ्यावर लावलेल्या कागदावर नाव, वय, पत्ता सगळं असतं. जिल्ह्याच्या गावी कुणी सातबाऱ्याला जातं, कुणी दाखल्याला. जाता-येता नजर पडते. बाराव्या दिवशी आमच्या गावातल्या एकाने तो कागद वाचला आणि संध्याकाळच्या एसटीने बातमी हेडमास्तरांच्या ओट्यावर आली.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, जोडप्याने लेखी मागणी केली तरच नोटीस लावावी, नाहीतर लावू नये. तो वाचला तेव्हा मला ते बारावा दिवस ते तिसावा दिवस आठवले. त्या अठरा दिवसांत मुलीची नोकरी गेली नाही, पण वाचनालयात तिच्याकडून पुस्तक घ्यायला कुणी येईना. घरात तिच्याशी बोलणं बंद झालं. मामाकडे पाठवायची तयारी सुरू झाली, तेव्हा ती मैत्रिणीच्या आईकडे राहायला गेली. त्या बाईंनी तिला ठेवून घेतलं, एवढंच नाही तर कुणी विचारायला आलं की दारात उभं राहून 'हो, आहे माझ्याकडे' असं सांगितलं. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत पोरगा नेहमीसारखा क्लॅरिनेट वाजवत चालला होता. हेडमास्तरांच्या गल्लीच्या तोंडाशी बँड पोचला आणि वरच्या खिडक्या बंद झाल्या. त्याने वाजवणं थांबवलं नाही. थांबवता येतच नाही, मजुरी ठरलेली असते.

आणि मी? माझ्या बहिणीचं लग्न त्याच महिन्यात ठरत होतं. अब्बांनी मला रात्री अंगणात बसवून घेतलं. आवाज न चढवता म्हणाले, "सही तुझी असेल, पण शाई सगळ्या मोहल्ल्याची आहे. उद्या काही झालं तर दगड आपल्या सगळ्यांच्या कौलांवर पडतील. आणि बहिणीचं काय?" मी १९९२-९३ चे दिवस पाहिले होते. अब्बांची भीती खोटी नव्हती.

लग्नाची तारीख पितृपक्षात आली. नोंदणीच्या लग्नाला मुहूर्त नसतो, तीस दिवस भरले की झालं. पहाटेच्या एसटीने जायचं होतं. मी निरोप पाठवला, ताप आहे.

ताप नव्हता.

काय झालं ते मला नंतर कळलं. दोघं, दोन साक्षीदार आणि ती मैत्रिणीची आई कार्यालयात दुपारपर्यंत तिसऱ्या माणसाची वाट पाहत बसली. शेवटी बाहेर झाडाखाली टेबल मांडून बसणारे एक वयस्कर मुद्रांक विक्रेते उठून आत आले. त्यांना ना मुलगा माहीत ना मुलगी. त्यांनी दोघांना एवढंच विचारलं, "स्वखुशीने करताय ना?" हो म्हटल्यावर सही केली, टोपी नीट केली आणि पुन्हा आपल्या टेबलावर जाऊन बसले. पैसे घेतले नाहीत.

दोघं गाव सोडून एका कापडाच्या गावी गेली. तो यंत्रमागावर लागला, लग्नसराईत वाजवायचाही. पुढे तिने मला हे सगळं हसत हसत सांगितलं. लोकांना वाटतं की अशा घरात भांडणं देवावरून होतात. आमची झाली ती घड्याळावरून, ती म्हणाली. तिच्या माहेरी दिवेलागणीला जेवणं आणि नऊला निजानीज. बँडवाल्यांच्या घरी वरात संपवून माणसं रात्री एकला येणार आणि तेव्हा गरम भाकरी हवी. सासूने नाव बदल म्हटलं, तिने बदललं नाही. माळ काढ म्हटलं, तीही काढली नाही. घरात एक चूल तिची, एक सासूची. पाच-सहा वर्षांनी सासूला डॉक्टरांनी मटण बंद केलं, तेव्हा ती मुकाट्याने सुनेच्या चुलीवर आली.

हेडमास्तर तिच्या घरी कधीच गेले नाहीत. पण ते वारीला गेले की तिची आई गाडी पकडून मुलीकडे यायची. नवरा पंढरीच्या वाटेवर, बायको लेकीच्या वाटेवर. एकादशीचा उपास ती मुलीच्या घरी सोडायची आणि मग परतायची. हेडमास्तरांना हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. नात दहावी पास झाली तेव्हा त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. मायना नाही, खाली सही नाही. मधे दोन ओळी, की गणितात गुण कमी का पडले ते कळवावं.

माझ्या बहिणीचं लग्न व्यवस्थित झालं. गावात दगड पडले नाहीत. दहा वर्षांनी ती माहेरी आली असताना हा विषय निघाला. मी म्हणालो, तुझ्यासाठी थांबलो होतो. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाई, माझं नाव घेऊन तू घरी बसलास. मला एकदा तरी विचारलं होतंस का?"

मी विचारलं नव्हतं. अब्बांची भीती खरी होती हे मी आजही म्हणतो. पण मी ती नीट तपासून पाहिली नाही, कारण मला ती सोयीची होती. आपल्या भीतीला आपण नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी नाव देतो, बहुतेकदा घरातल्या बाईचं.

त्या दोघांकडे जायची मला हिंमत झाली नाही. भेट झाली ती २००८ मध्ये मिरजेला, उरुसात. चिंचेखाली गाणं रंगलं होतं. मागून खांद्यावर हात पडला. वळून पाहिलं तर तो, शेजारी ती, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली मुलगी. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काय मग, ताप उतरला का?"

मला बोलता येईना. तिने सरकून सतरंजीवर जागा करून दिली. पहाटेपर्यंत आम्ही गाणं ऐकलं.

त्यानंतर आजवर मी चार लग्नांत साक्षीदार झालो आहे. त्यांतलं एक पुढे मोडलं, तीन चालली आहेत. साक्षीदार संसाराची हमी देत नसतो, ही दोघं माझ्यासमोर स्वखुशीने हो म्हणाली एवढंच तो सांगत असतो. तेवढं सांगायला कवी असावं लागत नाही, पुढारी असावं लागत नाही. झाडाखालच्या मुद्रांक विक्रेत्यालाही ते जमतं.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या गावातली दोन शहाणी, सज्ञान मुलं कधी तिसरी सही मागायला आली, तर घाई करू नका, दोघांना वेगवेगळं बसवून विचारा, नीट खात्री करून घ्या. पण एकदा हो म्हणालात, तर पहाटेची एसटी चुकवू नका.