फुटपाथवरची सायकल



पत्रिकेवर माझा विषय 'जपानी शिस्त आणि आपण' असा छापला आहे. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी त्याला होही म्हटलं होतं. पण 1 एप्रिलला तिथे एक नियम अमलात आला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही. तेव्हा शिस्तीबद्दलच बोलते, पण सायकलच्या सीटवरून बोलते. (हशा)

जपानमध्ये मोटारवाल्यांना 1968 पासून 'निळी पावती' मिळते. गुन्हा किरकोळ असेल तर पोलिसांनी पावती द्यायची, माणसानं दंड भरायचा आणि प्रकरण मिटलं. सायकलवाल्यांना ही सोय नव्हती. त्यांना एक तर समज द्यायची किंवा लाल पावती, म्हणजे थेट फौजदारी. सायकलवाल्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणून बहुतेक वेळा शिट्टी वाजायची, दोन शब्द ऐकावे लागायचे आणि तेवढ्यावर भागायचं. आता 16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक सायकलस्वाराला निळी पावती आहे. सायकल चालवताना फोन हातात दिसला तर 12,000 येन. परवानगी नसताना फुटपाथवरून गेलात तर 6,000 येन, म्हणजे आपले तीन हजारांच्या वर.

'चांगलंच झालं की!' तिसऱ्या रांगेतून आवाज आला, मी ऐकला. (हशा) काका, रागावू नका, पण सायकल फुटपाथवर चढली कशी, ते आधी ऐका.

युद्धानंतरचा जपान, मोटारींचे कारखाने, भरभराट, हे आपल्याला पाठ आहे, त्यात शिरत नाही. एकच आकडा सांगते. 1970 साली जपानच्या रस्त्यांवर 16,765 माणसं मेली. 'वाहतूक युद्ध' हा शब्द तिथे याच काळात रुळला. आता हा आकडा वर्षाला तीन हजारांच्या आत आहे, यावरून तेव्हाची अवस्था ओळखा. सरकारपुढे दोन वाटा होत्या. मोटारींची जागा थोडी कापून सायकलला द्यायची, नाहीतर सायकलला मोटारींच्या वाटेतून उचलून बाजूला करायचं. सरकारनं दुसरी वाट धरली. 1970 च्या दुरुस्तीनं ठरावीक फुटपाथ सायकलींना मोकळे झाले आणि 1978 मध्ये त्याचे नियम पक्के झाले. मोटारीला रस्ता मोकळा मिळाला आणि सायकल चालणाऱ्यांच्या अंगावर गेली. म्हणजे सायकलवाला आपल्या मस्तीत फुटपाथवर चढलेला नाही. त्याला कायद्यानं हाताला धरून वर नेलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्यानं त्याला वर चढवलं त्यानं त्याला खाली उतरवण्याआधी खाली जागा करून द्यावी. पावती त्यानंतर.

आता ही जागा कशी असते ते सांगते. आम्ही निशी-कासाईला राहतो. तोक्योतल्या एदोगावा वॉर्डातलं हे उपनगर तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. तिथे भारतीय पुष्कळ आहेत, गणपती बसतात, आणि 2019 साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस त्या वॉर्डाचा नगरसेवक म्हणून निवडून आला. दोन नद्यांच्या मधला सपाट मुलूख, चढ नाही की उतार नाही, त्यामुळे घरटी सायकल. आणि सायकल म्हणजे 'मामाचारी', आईची सायकल. पुढे टोपली किंवा बाळाची खुर्ची, मागे दुसऱ्या मुलाची खुर्ची, पावसासाठी प्लास्टिकची झाकणं, बुड जड.

या सायकलची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एका सायकलवर दोन मुलं घ्यायला तिथे मनाई होती, पण आया घेत होत्या आणि पोलीस बघून न बघितल्यासारखं करत होते. 2008 मध्ये पोलीस खात्यानं ठरवलं की ही बंदी आता कडक पाळायची. आया खवळल्या. त्या म्हणाल्या, पाळणाघर एकीकडे, स्टेशन दुसरीकडे, घरात मोटार नाही, एका मुलाला घरी ठेवून यायचं का? आणि सरकार बधलं! पण नुसतं 'जा, घ्या दोन मुलं' असं म्हणून हात झटकले नाहीत. दोन मुलांचं ओझं घेऊन जी डगमगणार नाही अशी सायकल बनवा, असं कारखानदारांना सांगितलं. चाकं लहान, बैठक खाली, सांगाडा मजबूत. जुलै 2009 पासून अशा सायकलींवर दोन मुलं न्यायला परवानगी मिळाली. आम्ही त्याच वर्षी तिथे गेलो. पुढे माझा मुलगा समोर आणि मुलगी मागे बसून वाढली, ती त्या आयांच्या पुण्याईवर. (टाळ्या)

टाळ्या त्यांना पोचल्या असं समजते. मी ही गोष्ट लांबवली कारण तिच्यात क्रम बरोबर आहे. आधी अडचण ऐकून घेतली, मग वस्तू घडवली, मग नियम बदलला.

आता 2011. मार्चमध्ये भूकंप झाला, आगगाड्या बंद पडल्या, माणसं कचेरीला सायकलनं जाऊ लागली आणि पुढेही जात राहिली. फुटपाथवर गर्दी झाली, तक्रारी वाढल्या. ऑक्टोबरमध्ये पोलीस खात्यानं जाहीर केलं की सायकल हे वाहन आहे, तिनं रस्त्यावरून जावं. इथेही क्रम तसाच हवा होता की नाही? पण मिळाले काय, तर रस्त्याच्या डाव्या कडेला निळ्या रंगाचे बाण! नुसता रंग. त्या बाणांवर सामान पोचवणारा ट्रक दोन चाकं टेकून उभा असतो. ट्रकवाल्याचंही चुकत नाही, त्याला खोकी उतरवायची असतात. एका पावसाळी सकाळी मी दोन मुलांना घेऊन अशा ट्रकला वळसा घालायला उजवीकडे सरकले, आणि मागून आलेली बस माझ्या कोपराजवळून गेली. मागच्या खुर्चीच्या प्लास्टिकवर बसचं पाणी उडालेलं मी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मी फुटपाथनं जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात पोलिसानं थांबवलं. अतिशय नम्रपणे म्हणाला, 'रस्त्यावरून जा.' तो स्वतः पांढऱ्या सायकलवर होता. मी ट्रककडे बोट दाखवलं. त्यानंही पाहिलं, आणि मान लववून निघून गेला.

सूट कोणाला आहे? तेरा वर्षांखालच्या मुलांना, सत्तरीच्या पुढच्यांना, अपंगांना, आणि जिथे फुटपाथवर आई-मूल आणि सायकलीची गोल निळी पाटी आहे तिथे सर्वांना. सूट बघताना चालवणाऱ्याचं वय बघतात, मागच्या खुर्चीतल्या बाळाचं नाही. शिवाय 'रस्त्याची स्थिती पाहता नाइलाज असेल तर' हीही एक सूट आहे. पण नाइलाज कोणाचा आणि तो किती, हे कोपऱ्यावरचा पोलीस ठरवणार. खात्यानं सांगितलं आहे की नुसतं फुटपाथवरून गेलं म्हणून सहसा पावती देणार नाही, समज देऊ. वेगानं जाऊन चालणाऱ्यांना थांबायला लावलं किंवा समज देऊनही ऐकलं नाही तर पावती. हे सांगणं मला समंजस वाटतं. सायकल ओलांडताना मोटारीनं पुरेसं अंतर ठेवावं, हा नियमही 1 एप्रिललाच आला, तोही चांगला आहे. पण समंजसपणाच्या भरवशावर रोज दोन मुलं न्यायची नसतात.

चिठ्ठी आली आहे. 'बाई, चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं काय?' हा प्रश्न योग्यच आहे, आणि सायकलवाल्यांची वकिली करते म्हणून मी तो टाळणार नाही. आमच्या इमारतीतल्या आजी चार चाकांची ढकलगाडी घेऊन बाजारात जायच्या. मागून सायकल आली की त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या, आणि ती गेल्यावरही थोडा वेळ तशाच. घंटी वाजवली तर आणखी दचकायच्या; चालणाऱ्याला बाजूला करायला घंटी वाजवणं तिथे नियमबाह्यच आहे. त्यांना तसं उभं राहायला लावणाऱ्यांत मीसुद्धा होते, आणि त्याची मला आजही लाज वाटते. म्हणूनच तर म्हणते आहे! फुटपाथ आजींचाच आहे. मला तिथून उतरायचंच आहे, पण उतरून बसखाली जायचं नाही.

पैसा नाही असं कोणी म्हणू नये. आमच्या पुढचं स्टेशन कासाई. त्याच्या खाली जमिनीत 9,400 सायकली राहतील असा तळ बांधला आहे. सायकल फाटकाशी लावली की यंत्र तिला ओढून खोल विहिरीसारख्या मनोऱ्यात नेऊन ठेवतं, आणि परत मागितली की काही सेकंदांत समोर आणून देतं. लोक मुद्दाम बघायला येतात. उभ्या सायकलीसाठी एवढं करणाऱ्या देशाला चालत्या सायकलीसाठी हातभर उंचीचा कठडा घालून एक पट्टी वेगळी काढता येत नाही, हे मला पटत नाही. कठडा घातला की ट्रक चढत नाही, आणि ट्रक चढला नाही की आई फुटपाथवर चढत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दोनच मिनिटं म्हणतात. आपल्याकडच्या फुटपाथांबद्दल बोलायचं राहिलं. तिथे सायकली नाहीत, दुचाक्या चढतात, आणि त्याचीही कारणं आहेत. पण ते आता दोन मिनिटांत कोंबत नाही.

शेवटचं सांगते. समोरच्या खुर्चीत बसायचा तो माझा मुलगा या जूनमध्ये 16 वर्षांचा होतो. परवा फोनवर त्यानं विचारलं, 'आई, शाळेच्या रस्त्यावर निळे बाण पुलापाशी संपतात. त्यापुढे पाटी नाही. मी कुठून जाऊ?' मी सांगितलं, पुलापाशी उतर आणि सायकल हातात धरून चाल. हातात धरली की कायद्यानं तू पादचारीच असतोस. तो म्हणाला, 'म्हणजे दहा मिनिटं आधी निघायचं?' मी हो म्हटलं.

शाळा साडेआठला भरते.

(टाळ्या)