आवाज कुठून यावा?

(मंडळाच्या नाट्यविभागाच्या तालीमवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा गणेशोत्सवातल्या नाटकाचे सगळे आवाज लॅपटॉपवरून द्यायचे ठरले आहे, आणि "ते काय असतं ते सोप्या मराठीत सांगा" असा मला हुकूम झाला आहे. मी कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंटेशन खात्याचा माणूस. वायर कुठून निघते आणि कुठे जाते हा माझा रोजचाच प्रश्न, तेव्हा त्यावरच बोलतो.

कॅसेटच्या काळात आपण पेन्सिलीने फीत गुंडाळून प्रत्येक आवाज जागेवर आणून ठेवत असू. मग सीडी आली. आता लॅपटॉपवर आवाजांची यादी लावायची आणि वेळ आली की स्पेसबार दाबायचा. म्हणजे आवाज वेळेवर येणं ही काही आता मोठी गोष्ट राहिलेली नाही. तो कुठून येतो, याकडे मात्र आपलं लक्ष नसतं. मागे एका वर्षी भाड्याने बोलावलेल्या साउंडवाल्याने सगळा आवाज सगळ्या स्पीकरांना जोडून दिला होता. पाळण्यातलं बाळ रडलं ते मंडपाच्या कमानीवरच्या कर्ण्यातून! प्रेक्षक हसले, आणि प्रसंग हसण्याचा नव्हता.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. इथे जन्मलेल्या मुलांना वर्षातून एकदा सलग दोन तास मराठी ऐकायला मिळतं ते याच नाटकात. त्यांना मराठी कळतं, पण शब्द स्वच्छ ऐकू आला तर. आपण अर्धं वाक्य सतारीखाली बुडालं तरी उरलेलं ओळखतो. त्यांना ते जमत नाही. मग ती शेजारच्याशी हिंदीत बोलू लागतात. म्हणून संगीत कुठल्या स्पीकरमधून जातं हा मला नुसता तांत्रिक प्रश्न वाटत नाही.

आपण वापरणार आहोत तो प्रोग्रॅम म्हणजे क्यूलॅब. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या फिगर ५३ या कंपनीचा. तो फक्त मॅकवर चालतो. विंडोजवाल्यांसाठी शो क्यू सिस्टम आहे, लिनक्सवर लिनक्स शो प्लेअर आहे. तत्त्व सगळीकडे जवळपास सारखंच. यादीतल्या प्रत्येक आवाजाला 'क्यू' म्हणतात. क्यू निवडून लेव्हल्स उघडलं की एक तक्ता दिसतो. आडव्या ओळी म्हणजे फाइलमधले चॅनेल, स्टिरिओ असेल तर डावा आणि उजवा. उभे रकाने म्हणजे आउटपुट. ज्या चौकोनात आकडा, ती वाट उघडी; रिकामा चौकोन म्हणजे वाट बंद. शून्य लिहिलं तर आवाज आहे तसा जातो, उणे सहा लिहिलं तर त्याचं व्होल्टेज साधारण निम्मं होतं. नवीन स्टिरिओ क्यू आपसूक डावा एकला आणि उजवा दोनला असा लागतो. बहुतेक लोक तिथेच थांबतात.

आता गंमत अशी की हे रकाने म्हणजे लॅपटॉपच्या किंवा साउंडकार्डाच्या प्रत्यक्ष खाचा नव्हेत. ती नुसती नावं आहेत. क्यूच्या पुढे 'पॅच' नावाचा दुसरा तक्ता असतो आणि कुठलं नाव कुठल्या खऱ्या खाचेला जोडायचं ते तिथे ठरतं. एकच काम दोनदा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण समजा नाटकात साठ क्यू आहेत आणि ऐनवेळी पावसामुळे प्रयोग मंडपातून सभागृहात हलवला. तिथे स्पीकर वेगळे, वायरी वेगळ्या. दुसरा तक्ता नसता तर साठही क्यू उघडून बदलावे लागले असते. आता पॅच एकदा बदलला की काम झालं. आपल्या कंट्रोल रूममध्ये टर्मिनल स्ट्रिप ज्यासाठी असते, त्यासाठीच हा तक्ता आहे. म्हणून रकान्यांना 'एक, दोन' म्हणू नका. 'सभागृह', 'रंगमंच' अशी नावं द्या, पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसालाही वाचता येतील.

खर्चाचा विषय खजिनदारसाहेबांनी आधीच काढला आहे. क्यूलॅबच्या विनामूल्य आवृत्तीत आवाजाला दोनच आउटपुट मिळतात. माझं मत, तेवढे आपल्याला पुरे आहेत, फक्त स्टिरिओचा मोह सोडायचा. आपल्या रुंद सभागृहात बरोबर मधोमध बसणारे प्रेक्षक किती? कडेला बसलेल्याला जवळचाच स्पीकर ऐकू येतो. तेव्हा पहिलं आउटपुट अख्ख्या सभागृहाला, आणि दुसरं नेपथ्यामागे ठेवलेल्या एका छोट्या स्पीकरला. स्टिरिओ गाण्याचे दोन्ही चॅनेल एकाच रकान्यात टाकताना मात्र दोन्हीकडे उणे सहा लिहा, नाहीतर बेरीज होऊन आवाज फाटेल.

या छोट्या स्पीकरने काय साधतं? टेलिफोन वाजतो तो टेबलापाशी. दारावरची थाप दारामागून येते. आणि संवाद चालू असताना पार्श्वसंगीत समोरच्या स्पीकरांतून काढून मागच्यात ठेवता येतं. दोन आवाज दोन दिशांनी आले की कान ते वेगळे काढतो, शब्द स्वच्छ लागतो.

दुसऱ्या अंकात आजोबा ट्रान्झिस्टर लावतात ती जागा घ्या. गाणं आधी फक्त 'रंगमंच' रकान्यात, बारीक. आजोबा जुन्या आठवणीत शिरतात तेव्हा एक फेड क्यू: आठ सेकंदांत 'रंगमंच' खाली, 'सभागृह' वर. गाणं तेच, कुठेही न तुटता ट्रान्झिस्टरमधून निघून सगळ्या प्रेक्षकांभोवती पसरतं. तालमीत हे पहिल्यांदा झालं तेव्हा आजोबांचं काम करणारे आपले काका बोलायचेच थांबले.

एक सावधगिरी. टेलिफोन "मागे ऐकू जाणार नाही" म्हणून तो सभागृहातही चढवायचा आग्रह होईल. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो. आणि जो आधी पोचतो त्याच दिशेला कान आवाजाची जागा धरतो; हेल्मुट हास यांनी १९४९ साली यावरच प्रबंध लिहिला. तेव्हा समोरून दिलाच तर अगदी थोडा, नाहीतर टेलिफोन पुन्हा कमानीवर जाऊन बसेल.

बाकी वायरिंग सोपं आहे. हेडफोनच्या खाचेतून डावा-उजवा वेगळा करणारी वायर, मिक्सरवर दोन स्वतंत्र चॅनेल, दुसऱ्याचा आवाज ऑक्समधून छोट्या स्पीकरला. चार्जर लावल्यावर घूं घूं आली तर मध्ये डीआय बॉक्स. लॅपटॉपचे ईमेलचे, सूचनांचे आवाज आधीच बंद. मरणाच्या प्रसंगात 'टिंग' नको. आणि पडदा उघडण्याआधी दोन्ही रकाने एकेक करून वाजवून बघायचे, रोज.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सभागृहात वायरी टाकायच्या आहेत. नेपथ्यापासून मिक्सरपर्यंत पंचवीस मीटर लागतील, आपल्याकडे पंधराच आहे. कुणाच्या घरी लांब माइक केबल असेल तर कृपया सोबत आणावी, आणि वायरीवर नाव लिहून आणावं.