डाखाविना घडणारी बाळी

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यात तामसी हे मंडलाचे गाव आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्याचा हा भाग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. परंतु राज्ये बदलली तरी नदीच्या ह्याही तीरावर मराठी कानी पडते. तिच्या जोडीला तेलुगू, गोंडी आणि कोलामी. जमीन काळी, मुख्य पीक कापसाचे. कापूस विकून हाती आलेल्या पैशांतून घरच्या लेकीसुनांसाठी एखादा चांदीचा डाग करून ठेवावयाचा, ही अशा मुलखातील जुनी बचत होय. म्हणून चांदीचे कानातले कसे घडते हा प्रश्न येथे केवळ नटण्यामुरडण्याचा राहत नाही. अडल्या वेळी तो डाग मोडावा लागला तर पदरात काय पडणार, हेही त्या घडणीवरच ठरते.

मोडताना पहिला फटका बसतो तो डाखाचा. चांदीचे दोन तुकडे जोडावयाचे तर सोनार त्यांच्यामध्ये चांदीपेक्षा कमी उष्णतेवर वितळणारा मिश्रधातू वितळवितो, तोच डाख. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. तिच्यात तांबे व जस्त मिसळले की हा अंक खाली येतो, आणि त्या फरकातच झाळकामाची सारी किमया आहे. चांगल्या डाखातही शंभरात सत्तर-पंचाहत्तर भागच चांदी असते, हलक्या डाखात त्याहून पुष्कळ कमी. दागिना नाजूक, सांधे अनेक, अशी स्थिती असली म्हणजे डाखाचे वजन चांदीच्या भावाने विकले जाते आणि मोडीच्या वेळी मात्र तेच वजन घट म्हणून कापले जाते. ह्यात सोनाराची लबाडी असतेच असे नव्हे. सांध्याचा तो धर्मच आहे. कथील-शिशाचा स्वस्त डाख मात्र निव्वळ घातक. असा डाग पुन्हा तापविला की शिसे चांदीत उतरते, तिला खाऊन भोके पाडते, आणि डाग दुरुस्तीच्याही लायक राहत नाही.

ह्याहून गंभीर गोष्ट कारागिराच्या छातीची आहे. डाख सहज वाहावा म्हणून त्यात कॅडमियम घालण्याची प्रथा सोन्याच्या व चांदीच्या कामात बराच काळ चालली. सराफ्यातील ‘केडीएम’ हा शब्द त्या कॅडमियमवरूनच आला. ह्या धातूचा धूर फुप्फुसांना व मूत्रपिंडांना अपाय करतो. बंद खोलीत, फुंकणीवर तोंड ठेवून बसणाऱ्या माणसाला तो किती जवळून मिळत असेल, हे सांगावयास नको.

मग डाखच नको असेल तर? आपल्याकडील बाळी ही मूळची तारेची वस्तू आहे. बारशाच्या सुमारास तान्ह्या मुलाच्या कानात घालतात ती साधी बाळी पाहावी, किंवा पुरुषांच्या उजव्या कानाच्या पाळीवर शोभणारी सोन्याची भिकबाळी पाहावी. तारेत मोती ओवावयाचे, तार वळवावयाची, तिचे टोक तिच्याच अंगाभोवती गुंडाळावयाचे, की काम झाले. तेथे सांधा असा नाहीच. तारेचा ताठपणा हाच तिचा बांधा.

हा ताठपणा कोठून येतो, हे समजले की अर्धी विद्या हाती आली. चांदी ठोकली, ओढली अथवा वाकविली म्हणजे ती कठीण होत जाते. जंतराच्या पोलादी पट्टीतील एकाहून एक लहान भोकांतून तार ओढताना ती बारीक होते तशी ताठही होते, आणि पुढे ओढीत राहिले तर तटकन तुटते. तिला पुन्हा मऊ करावयाचे तर अंधाऱ्या जागी जेमतेम लाली दिसेल इतकी, म्हणजे सुमारे ६०० ते ६५० अंशांपर्यंत तापवावी आणि पाण्यात टाकावी. पोलाद असे पाण्यात टाकल्याने कडक होते. चांदी होत नाही, ती मऊच राहते. लोहाराच्या भात्यावर शिकलेल्या माणसाला हे उलटे वाटते खरे.

साध्या बाळीला ९२५ कसाची, म्हणजे हजारांत ९२५ भाग चांदी व उरलेले बहुधा तांबे अशी, ०.९ मिलिमीटर जाडीची तार योग्य. शुद्ध चांदीची तार वळावयास सुखद, पण ती कानात आकार धरून राहत नाही. एका बाळीस सात सेंटिमीटर तार पुरते. म्हणजे जोडीला चौदा सेंटिमीटर, आणि तिचे वजन एका ग्रॅमच्या किंचित आतच भरते. जुन्या मापाने पावणेआठ गुंजांच्या आसपास. एवढ्याशा चांदीत काय दागिना होणार, असे कोणास वाटेल. पण कानाची पाळी नाजूक असते. जड कानातल्यांनी ओघळलेली भोके ज्या स्त्रियांच्या वाट्याला येतात, त्यांना हलक्या बाळीचे मोल सांगावे लागत नाही.

तारेच्या एका टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर बारीक चिमट्याने एक लहानसे नेढे वळवावे आणि उरलेले शेपूट मूळ तारेभोवती तीन वेढे, अगदी एकास एक लागून, गुंडाळावे. दोन वेढे सुटतात, चार बोजड दिसतात, तीनच बरे. मग ती तार एखाद्या गोल काठीभोवती वळवावी. काठी हव्या त्या आकाराहून थोडी बारीक असावी, कारण हात सोडताच तार जराशी उलगडते. दुसऱ्या टोकाला किंचित बाक दिला की ते नेढ्यात अडकते. मागाहून लाकडाच्या वा शिंगाच्या मोगरीने बाळी काठीवरच हलकेच ठोकावी. आकार बदलत नाही, अंगात बळ मात्र येते. लोखंडी हातोडीने ठोकली तर तार चपटी होईल.

सर्वांत नाजूक काम राहते ते कानशीचे. तार कापली की टोकाला बारीक धार उरते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण रोज कानाच्या भोकात घासली की जखम करते. म्हणून टोक बारीक कानशीने चहूबाजूंनी गोल करावे, मग अतिबारीक पॉलिश कागदावर फिरवावे आणि शेवटी स्वतःच्या ओठावरून फिरवून पाहावे. ओठाला खुपले तर ते कानालाही खुपणार. बाजारातील पुष्कळशा स्वस्त बाळ्या ह्याच परीक्षेत नापास होतात.

मणी लोंबवावयाचा असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. शुद्ध चांदीच्या बारीक तारेचे टोक खाली धरून ज्योतीत नेले की ते वितळून वर चढते आणि त्याचा वाटोळा थेंब होतो. पाण्याचा थेंब ज्या पृष्ठताणाने गोल होतो, त्याच न्यायाने हाही होतो. थेंब झाला की तार ताबडतोब दूर करावी. आता ह्या तारेत मणी ओवला म्हणजे थेंबामुळे तो खाली सरकत नाही आणि वरच्या टोकाला नेढे करून तो बाळीत अडकविता येतो. येथे अग्नी आला, पण डाख आला नाही. ९२५ ची तार अशा वेळी तांब्यामुळे काळवंडते, म्हणून ह्या कामी शुद्ध चांदीच घ्यावी.

सांध्याशिवाय धातूकाम करण्याची दुसरी वाट जुन्या, अविभक्त आदिलाबाद जिल्ह्यात फार जुनी आहे. उशेगाव व केसलागुडा येथील ओझा कारागीर मेणाच्या साच्यावर पितळेच्या वस्तू ओततात. २०१८ साली आदिलाबादच्या ह्या डोकरा कामाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे मेणाचे धागे आणि बाळीची चांदीची तार ह्यांत नाते आहे. मात्र ओतकामाला भट्टी हवी. बाळीला एक चिमटा, एक कानस आणि एक काठी पुरते. घरी बसून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या मुलीला हा फरक लहान नाही.

एवढ्यावरून डाखाचे काम हीन ठरत नाही. कोंदण, घुंगरू, रवेदार नक्षी ही डाखावाचून होणे कठीण. हुपरीच्या पैंजणांची कीर्ती सांध्यावरच उभी आहे. अगदी लहान मुलाच्या पायातील वाळ्यालाही पक्का सांधाच बरा, कारण तारेचे सुटे टोक त्याच्या तोंडात जाण्याचा संभव असतो. तारेच्या बाळीचाही एक दोष आहे: वेढे सैल झाले की पदराचा धागा त्यांत अडकतो.

तार विकत घेताना ‘जर्मन सिल्व्हर’ ह्या नावाला भुलू नये. त्यात चांदी नावालाही नसते. तांबे, निकेल व जस्त ह्यांचे ते मिश्रण आहे आणि निकेलमुळे अनेकांच्या कानाला खाज सुटून पाणी वाहू लागते. भारतीय मानक ब्यूरोने चांदीच्या दागिन्यांसाठी हॉलमार्कची सोय २००५ साली केली. पण एका ग्रॅमच्या बाळीवर ठसा उमटवावयास जागाच कोठे? तेव्हा तार ओळखीच्या सराफाकडून, कस लिहिलेल्या पावतीसह घ्यावी, आणि ती पावती दागिन्याबरोबरच जपून ठेवावी.

बाळी उघडताना दोन टोके समोरासमोर फाकवू नयेत. एक टोक पुढे व एक मागे असे बाजूला सरकवावे. फाकविण्याने तार दर वेळी एकाच जागी वाकते, तेथे कठीण होते आणि वर्षा-दोन वर्षांत तेथेच तुटते. काळी पडली तर चिंचेच्या कोळात मीठ घालून चोळावी, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी करावी आणि मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावी. रबराजवळ मात्र ठेवू नये. त्यातील गंधकाने ती पुन्हा काळी पडते.