पावली मोडण्याआधी साल वाचा



सासूबाईंचं जुनं गाठोडं सोडलं, की एखाद्या बटव्यातून चार-दोन पावल्या निघतात. काळवंडलेल्या, एका बाजूला राणी नाहीतर राजा. मग घरात दोन मतं पडतात. कुणी म्हणतं, मोडून टाका. कुणी म्हणतं, मोबाईलवर याचे लाख रुपये दाखवतात. घाई दोन्हीकडे आहे. आधी नातवंडाला जवळ बसवा आणि नाण्यावरचं साल वाचून घ्या.

पावली म्हणजे पाव रुपया, चार आणे. इंग्रजांच्या काळातल्या चांदीच्या पावलीचं वजन सुमारे २.९ ग्रॅम. राणीछाप असो की १९३९ पर्यंतची राजाछाप, तिच्यात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. पुढे महायुद्धाच्या काळात हा वाटा निम्म्यावर आला. १९४० साली हा बदल झाला, म्हणून त्या सालची पावली तपासूनच घ्या. १९४२ ते १९४५ च्या पावलीत निम्मीच चांदी. १९४६-४७ ची, वाघ असलेली पावली निकेलची. ती लोहचुंबकाला चिकटते. आणि गेंड्याचं चित्र असलेले पंचवीस पैसे तर स्टीलचे!

आता हिशेब करू. वीस राणीछाप पावल्यांचं वजन ५८ ग्रॅम, त्यात चांदी सुमारे ५३ ग्रॅम. १९४३ च्या वीस पावल्यांचं वजन तेवढंच, पण चांदी २९ ग्रॅम. झिजलेल्या नाण्यांत थोडी कमी. म्हणून दोन्ही ढीग वेगळे करा. आपलं खामगाव चांदीसाठी नावाजलेलं. तिथे जा की गावच्या सोनाराकडे, त्या दिवसाचा भाव विचारा, डोळ्यांसमोर वजन करा, पावती घ्या. शक्यतो दोन दुकानी विचारा.

संग्राहकाचा भाव वेगळा. तो नुसतं जुनेपण बघत नाही. ते साल किती दुर्मीळ, कोणत्या टांकसाळीचं नाणं, अक्षरं किती ठसठशीत, हे बघतो. माळेसाठी कडी लावलेल्या किंवा भोक पाडलेल्या नाण्याला तो कमी मोल देतो. चिंच-राखेने घासलेल्यालाही तसंच. म्हणून काळेपणा राहू द्या. बहुतेक पावल्यांना चांदीच्या भावाहून फार जास्त मिळत नाही, हेही मनाशी धरा.

सगळ्यात महत्त्वाचं. "तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा," असा फोन आला तर ठेवून द्या. अशा व्यवहारात आपण नाही आणि कुणाकडून शुल्कही घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. घेणारा पैसे देतो, मागत नाही. ओटीपी सांगू नका. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. लाजून गप्प बसू नका.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला एक भिंग आणि लोहचुंबक न्या, मिळून नाणी पाहा. मोडायची की जपायची, ते मग तुम्ही ठरवा. तो बटवा तुमचा आहे.